बँक ३८ लाख द्यायला तयार आहे, पण घर बांधणं झेपेल का?

रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आणला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ज्यांचे गावाबाहेर दोन-तीन गुंठे पडून आहेत अशा घरांमध्ये तेव्हापासून एकच विषय आहे : आता बांधूनच टाकूया. नवरा-बायको दोघांच्या पगाराच्या स्लिपा घेऊन बँकेत जातात, समोरचा अधिकारी संगणकात चार आकडे टाकतो आणि कर्जाची रक्कम सांगतो. ती इतकी मोठी असते की प्रश्न सुटलाच, असं वाटतं.

बँकेने मात्र एवढंच तपासलेलं असतं की पुढची वीस वर्षं हप्ता वसूल होईल का. जोडप्याला कळायला हवं ते वेगळं : बांधकाम चालू असतानाच्या वर्ष-सव्वा वर्षात हातात रोकड पुरेल का? अर्धवट थांबलेली घरं पाहिली तर हप्ता न झेपल्यामुळे थांबलेली कमी आणि स्लॅबनंतर पैसा संपल्यामुळे थांबलेली जास्त दिसतात.

हा हिशेब फ्लॅट घेणाऱ्यांसाठी नाही. स्वतःच्या प्लॉटवर कर्ज काढून घर बांधणाऱ्यांसाठी आहे.

एक जोडपं धरू

साताऱ्यासारखं जिल्ह्याचं गाव. तो एमआयडीसीतल्या कंपनीत, हातात ४८,००० येतात. ती एका खासगी शाळेत, हातात २७,०००. मिळून ७५,०००. दोन गुंठ्यांचा बिनशेती प्लॉट आहे, त्यावर कर्ज नाही.

दर महिन्याचा खर्च असा : घरखर्च, मुलाची शाळा, पेट्रोल मिळून ३२,०००, घरभाडं ११,०००, मोटरसायकलचा हप्ता ४,५००, एलआयसी, एसआयपी, भिशी मिळून ८,०००, गावी आई-वडिलांना ५,०००. एकूण ६०,५००. म्हणजे महिनाअखेर १४,५०० शिल्लक राहतात, निदान कागदावर तरी. एफडी, पीएफमधून काढता येणारी रक्कम आणि लग्नातल्या सोन्याचा मोडायला हरकत नाही असा भाग मिळून ९ लाख जमतात.

आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे टाकून हाच हिशेब करायचा आहे, आणि तो दोघांनी एकत्र बसून करायचा आहे. घरखर्चाचा आकडा एकजण सांगतो आणि खर्च दुसऱ्याच्या हातून होतो, अशी घरं पुष्कळ असतात.

बँक कसं मोजते

बँक दोन मापं लावते. पहिलं उत्पन्नाचं. हातात येणाऱ्या पगारातला किती वाटा सगळ्या कर्जांच्या हप्त्यांत गेला तर चालेल, ते बँक ठरवते. निम्मा वाटा धरू. ७५,००० चे निम्मे ३७,५००, त्यातून मोटरसायकलचे ४,५०० गेले की ३३,००० उरतात. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली तर एक लाखाला दरमहा साधारण ८६८ रुपये हप्ता बसतो. त्या हिशेबाने ३३,००० मध्ये ३८ लाखांचं कर्ज बसतं. शीर्षकातले ३८ लाख ते हेच. (जाहिरातीत याहून कमी दर दिसेल. पण तो उत्तम सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) असलेल्यांना मिळतो, आणि बदलता असतो. हिशेब मुद्दाम चढ्या दराने केलेला बरा.)

दुसरं माप मालमत्तेचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचं गृहकर्ज घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंतचं ८० टक्के आणि त्याहून मोठं ७५ टक्के देता येतं. बाकीचा भाग तुमचा, त्याला बँकेत मार्जिन म्हणतात. ही वरची मर्यादा झाली; बँक तेवढं देईलच असं नाही. स्वतःच्या प्लॉटवर बांधताना कर्ज सहसा इंजिनिअरने दिलेल्या बांधकामाच्या अंदाजपत्रकावर मंजूर होतं.

आपल्या जोडप्याला १,२०० चौरस फुटांचं घर हवंय. ठेकेदाराने मटेरियलसह २,००० रुपये फूट सांगितलं, म्हणजे २४ लाख. त्यावर बँकेने २० लाख मंजूर केले. हप्ता १७,३५६ रुपये. ७५,००० च्या पगारात हा हप्ता चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी आहे. बँक खूश, सासरे खूश.

२४ लाखांचं घर २४ लाखांत होत नाही

ठेकेदाराचा दर कशावर आहे, हे आधी विचारावं. फुटाचा दर बहुतेक वेळा स्लॅबच्या क्षेत्रफळावर असतो. पोर्च, जिना, बाल्कनी पूर्ण धरली की अर्धी, यावर लाख-दीड लाख इकडचे तिकडे होतात. शिवाय दरात काय नाही, याची यादी लांबलचक असते : कंपाउंड आणि गेट, बोअर आणि मोटर, पाण्याच्या टाक्या, शौचखड्डा, खिडक्यांचे ग्रिल, विजेचं मीटर, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी, बांधकाम परवानगीचं शुल्क. बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट (जमिनीच्या मालकीच्या कागदांची तपासणी) आणि गहाणखताचा खर्च वेगळाच. या सगळ्याला ४ लाख धरू. फर्निचर यात नाही.

मग येतो वाढीव खर्च. काळी माती निघाली की पाया खोल जातो. सळईचा भाव सहा महिने एका जागी थांबत नाही, आणि क्रश सँडचा (दगड दळून केलेल्या वाळूचा) ब्रासमागचा, म्हणजे शंभर घनफुटांमागचा, दर वाहतुकीवर ठरतो. आणि घर उभं राहताना पाहिलं की मालकालाच नव्या कल्पना सुचतात : देवघराला कोनाडा हवा, ओटा ग्रॅनाइटचा हवा. बांधकामाच्या दहा टक्के रक्कम यासाठी बाजूला ठेवली, तर ती २ लाख ४० हजार होते.

एकूण ३० लाख ४० हजार. बँकेचे २० लाख वजा केले की स्वतःचे १० लाख ४० हजार लागतात. जवळ आहेत ९. हप्ता सहज झेपतोय आणि तरी घर पूर्ण होत नाही, ते असं.

बँकेचा पैसा कामाच्या मागून चालतो

फ्लॅटच्या खरेदीत कर्जाची मोठी रक्कम एकदम मिळू शकते. बांधकामाचं कर्ज टप्प्याटप्प्याने मिळतं : जोतं झालं की थोडं, लिंटेलपर्यंत (दार-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत) भिंती आल्या की थोडं, स्लॅब पडला की थोडं, गिलावा-फरशी झाली की उरलेलं. प्रत्येक टप्प्याला बँकेचा इंजिनिअर पाहून जातो आणि त्याच्या अहवालावर पैसे सुटतात. त्याआधी तुमचं मार्जिन खर्च झालेलं दिसावं लागतं. म्हणजे पाया आणि जोतं बऱ्याच अंशी तुमच्या खिशातून होतं.

ठेकेदाराची पद्धत उलटी. सळई आणायला त्याला उचल आधी लागते. स्लॅबच्या आधी सेंट्रिंगवाल्याचे, गवंड्याचे, सिमेंटच्या दुकानाचे पैसे थांबत नाहीत, आणि बँक म्हणते स्लॅब दाखवा, मग देतो. ही मधली दरी दोन-तीन लाखांची सहज असते. ती भरायला लोक पतसंस्थेत धावतात, सोनं गहाण ठेवतात किंवा ठेकेदाराकडून उधारीवर काम करून घेतात. उधारीवर काम करणारा ठेकेदार मग आपल्या सवडीने माणसं पाठवतो.

विहिरीला वर्षभर पुरेल इतकं पाणी आहे असा हिशेब असला, तरी मे महिन्यात तळ दिसला तर ऊस वाळतोच. घराच्या बाबतीत हा मे महिना स्लॅबच्या आसपास येतो.

भाडंही द्या, व्याजही द्या

कर्ज पूर्ण सुटेपर्यंत बऱ्याच बँका पूर्ण हप्ता घेत नाहीत. जेवढी रक्कम सुटली तेवढ्यावरचं व्याज दरमहा घेतात. याला प्री-ईएमआय म्हणतात. हलकं वाटतं, पण यातून मुद्दल एक रुपयानेही कमी होत नाही.

साडेआठ टक्क्यांनी ५ लाख सुटल्यावर महिन्याला ३,५४२ रुपये, १० लाखांवर ७,०८३, १५ लाखांवर १०,६२५ आणि पूर्ण २० लाखांवर १४,१६७. आपल्या जोडप्याची शिल्लक आठवा : १४,५००. बांधकामाच्या शेवटच्या महिन्यांत घरभाडं चालूच असतं, आणि व्याज भरल्यावर हातात ३३३ रुपये राहतात. ज्या महिन्यांत रंग, दिवे, नळ आणि वास्तुशांत यायची, नेमके तेच हे महिने.

चौदा महिन्यांत काम झालं तर व्याजापोटी साधारण सव्वा लाख जातात. पावसाने, वाळूने किंवा मुकादम दुसऱ्या साइटवर गेल्याने सहा महिने उशीर झाला, तर त्या सहा महिन्यांत व्याज आणि भाडं मिळून आणखी दीड लाख जातात. त्या पैशातून एक वीटही रचली जात नाही.

राहायला गेल्यावर चित्र बदलतं. भाडं सुटतं, हातात २५,५०० मोकळे होतात आणि हप्ता १७,३५६ चा आहे. तेव्हा ओढाताण नाही. म्हणून मी म्हणतो की या जोडप्याला कर्ज झेपतंय, बांधकाम झेपत नाही.

एक पगार थांबला तर?

दोघांच्या पगारावर कर्ज घेताना हा प्रश्न अशुभ वाटतो म्हणून कुणी काढत नाही. पण खासगी शाळेतली नोकरी, बाळंतपणाची बिनपगारी रजा, कंपनीतली कपात या गोष्टी घडतात.

तिचा पगार थांबला आणि भाडं सुटलेलं असलं तरी ४८,००० मधून ४९,५०० चा खर्च आणि १७,३५६ चा हप्ता निघत नाही. महिन्याला १८,८५६ कमी पडतात. त्याचा पगार थांबला तर ३९,८५६ कमी पडतात, सहा महिन्यांत सुमारे २ लाख ४० हजार. एवढी रक्कम बांधकामाला हात न लावता एफडीत वेगळी हवी. ती धरली की स्वतःच्या पैशाची गरज १२ लाख ८० हजारांवर जाते आणि तूट ३ लाख ८० हजारांची होते.

यात विम्याचा प्रश्न येतोच. कर्जाबरोबर बँक जो एकरकमी हप्त्याचा विमा गळ्यात घालते तो बंधनकारक नसतो, आणि त्याचा हप्ता कर्जात मिळवला की त्यावरही वीस वर्षं व्याज भरावं लागतं. कमावत्या दोघांनी कर्जाइतक्या रकमेचा साधा टर्म विमा बाहेरून घेतला तर काय पडतं, ते आधी विचारून पाहावं.

"तूट पर्सनल लोनने भरू की"

चार लाखांचं पर्सनल लोन, १४ टक्के, पाच वर्षं : हप्ता ९,३०७. गृहकर्जाच्या हप्त्यात मिळवला की २६,६६३ होतात. राहायला गेल्यानंतरही हातात २५,५०० च आहेत. आणि पर्सनल लोनचा हप्ता राहायला जाण्याची वाट पाहत नाही. घेतल्यापासून दुसऱ्या महिन्यात सुरू होतो.

मेव्हण्याकडून हातउसने घेतले तर व्याज लागत नाही, हे खरं. पण त्याच्या मुलीचं लग्न ठरलं की ते परत द्यावे लागतात, आणि ती तारीख तुमच्या हातात नसते.

"भाड्यात पैसे वायाच जातात"

हा सगळ्यात आवडता युक्तिवाद. २० लाखांच्या कर्जाच्या पहिल्या पूर्ण हप्त्यात १४,१६७ रुपये व्याजाचे असतात आणि फक्त ३,१८९ मुद्दलात जातात. भाडं ११,००० आहे. म्हणजे सुरुवातीची काही वर्षं भाड्यापेक्षा जास्त रक्कम निव्वळ व्याजात जाते. स्वतःच्या घरात राहण्याला वेगळी किंमत आहे आणि ती मोजू नये असं मी म्हणत नाही. फक्त ती भाड्यातल्या बचतीच्या नावावर खपवू नये.

"व्याजदर उतरलेत, आत्ता नाही तर कधी?"

साडेआठचा दर साडेसात झाला तर २० लाखांच्या हप्त्यात महिन्याला साधारण १,२५० रुपये वाचतात. चांगलंच आहे. पण काम सहा महिने रखडलं की जाणारे दीड लाख भरून निघायला या बचतीला दहा वर्षं लागतात.

शिवाय दर खाली येतो तसा वरही जातो. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोला, जोडलेली असतात. (गृहवित्त कंपन्यांना ही सक्ती नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या प्रमुख दराला जोडलेला असतो, म्हणून तिथे कपात कधी आणि किती पोचेल ते विचारून घ्यावं.) मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो चारवरून साडेसहावर गेला होता. अशा अडीच टक्क्यांनी २० लाखांचा हप्ता तीन हजारांहून जास्त चढतो. तेव्हा अनेक बँकांनी हप्ता तसाच ठेवून मुदत परस्पर वाढवली आणि वीस वर्षांचं कर्ज पंचवीस-तीसवर गेल्याचं लोकांना उशिरा कळलं. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा हक्क कर्जदाराला द्यायला सांगितलं. तो हक्क पत्र लिहून मागावा.

एक सोय मात्र पक्की आहे : बदलत्या दराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही. दिवाळीचा बोनस दरवर्षी मुद्दलात टाकला तर वर्षं कमी होतात.

"सरकारी अनुदान आहे, करसवलत आहे"

दोन्ही आहेत, पण दोन्ही मागाहून येतात. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला, देशात कुठेही पक्कं घर नसेल तर, २५ लाखांपर्यंतच्या कर्जातल्या पहिल्या ८ लाखांवर व्याज अनुदान मिळतं. ते जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, आणि तेही पाच वार्षिक हप्त्यांत. स्लॅबच्या दिवशी त्याचा उपयोग नाही. आपल्या जोडप्याचे हातात येणारे पैसेच वर्षाला ९ लाख होतात, म्हणजे एकूण पगार त्याहून जास्त; ते यात बसत नाहीत.

करसवलतीचं असंच. नव्या करपद्धतीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वजावट नाही. जुन्या पद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंत आहे, पण घर पूर्ण झाल्यावर. बांधकामाच्या काळातलं व्याज नंतर पाच समान भागांत दाखवता येतं. कर्ज घेतलेलं आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांत घर पूर्ण झालं नाही तर ही मर्यादा ३० हजारांवर येते. घर दोघांच्या मालकीचं आणि कर्जही दोघांचं असेल तर वजावट दोघांना स्वतंत्र मिळते.

कर्जात नाव, सातबाऱ्यावर नाही

आता थोडं नाजूक. जोडप्याचं कर्ज म्हणजे दोघांवर पूर्ण कर्जाची जबाबदारी, अर्धी-अर्धी नव्हे. एकाने भरलं नाही तर बँक दुसऱ्याकडून सगळं मागू शकते. पण सहकर्जदार म्हणजे सहमालक नाही. प्लॉट सासऱ्यांच्या नावावर, घर त्यावर, हप्ता सुनेच्या पगारातून, अशी उदाहरणं गल्लोगल्ली आहेत. ती वीस वर्षं हप्ता भरते आणि कागदावर तिचं काहीच नसतं. घरात प्रेम असताना हा विषय काढणं सोपं, म्हणून तो कर्जाच्या आधी काढावा. बक्षीसपत्र करून प्लॉट दोघांच्या नावावर घेणं हा एक मार्ग आहे.

मालकीचे कागद स्पष्ट असणं बँकेलाही लागतंच. प्लॉट वडिलोपार्जित असून सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतील, वाटणी तोंडी असेल, किंवा प्लॉट नियमित न झालेल्या गुंठेवारीतला (परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतला) असेल, तर फाइल वकिलाच्या टेबलावरच अडकते. तेव्हा सर्च रिपोर्ट आधी, ठेकेदाराला टोकन नंतर.

मग या जोडप्याने काय करावं?

माझं मत : आत्ता १,२०० फूट नको. ९०० फूट बांधा. १८ लाख बांधकाम, ४ लाख इतर, १ लाख ८० हजार वाढीव. एकूण २३ लाख ८० हजार. बँक त्याच प्रमाणात १५ लाख देईल, हप्ता १३,०१७. स्वतःचे ८ लाख ८० हजार आणि अडचणीसाठी २ लाख ४० हजार, मिळून ११ लाख २० हजार. जवळ ९ आहेत. तूट २ लाख २० हजार. पक्क्या कंपाउंडऐवजी तारेचं कुंपण घातलं आणि त्यात लाख-सव्वा लाख वाचले, तर तूट लाखावर येते. ती महिन्याला १४,५०० वाचवून सात महिन्यांत भरते. सगळ्यात कठीण महिन्यातही व्याज १०,६२५ च राहील आणि हातात ३३३ ऐवजी जवळपास चार हजार उरतील.

सात महिने थांबल्याने बांधकाम महागेल, हे खरं. वर्षाला सहा टक्के वाढ धरली तर १८ लाखांवर सात महिन्यांचे साधारण ६३ हजार होतात, म्हणजे आणखी चार-साडेचार महिन्यांची बचत. तेवढंही थांबावं. पाऊस संपल्यावर पाया घेता येईल आणि पुढच्या जूनच्या आत स्लॅब पडेल, असं गणित जुळवता आलं तर वाट पाहणं फुकट जात नाही.

थांबण्याच्या काळात दोघांनी एक करून पाहावं : प्री-ईएमआयइतकी रक्कम, म्हणजे १०,६२५ रुपये, पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या खात्यात टाकायची आणि तिला हात लावायचा नाही. गणपती, शाळेची फी आणि घरातलं एखादं आजारपण या तिन्हीतून ते खातं शाबूत राहिलं, तर बांधायला काढा. तिसऱ्याच महिन्यात त्यातून पैसे काढावे लागले, तर वरच्या हिशेबातला १४,५०० चा आकडा खोटा आहे आणि ३२,००० चा घरखर्च पुन्हा लिहायला हवा.

वाढीव ३०० फुटांचं काय? स्ट्रक्चरल इंजिनिअरला सांगून पाया आणि कॉलम वरच्या मजल्याचं वजन घेतील असे करून घ्यावेत. खर्च थोडा वाढतो, तो दहा टक्क्यांच्या रकमेत बसवायला हवा. घर पूर्ण झाल्याचा दाखला मिळवावा आणि मग चार-पाच वर्षांनी, मोटरसायकलचा हप्ता संपलेला आणि पगार वाढलेला असताना, वरच्या खोल्यांसाठी त्याच बँकेकडे टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज, मागता येतं. तेव्हा राहायला स्वतःचं घर असेल, त्यामुळे व्याज आणि भाडं एकाच महिन्यात भरायची वेळ येणार नाही.